थंडी वाजून ताप आला तर ती नुसती उन्हाळी नाही

आपल्या इंदूरच्या सुदामा नगरमधून एकीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालीये, छापत नाही. पत्र बरंच मोठं आहे, त्यातलं कामाचं तेवढं तिच्याच शब्दांत देते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय.

"काकू, मी ३६ वर्षांची, प्रायव्हेट शाळेत शिकवते. दिवाळीपासून ही तिसरी वेळ, लघवीला जळजळ होऊन राहिली आहे, सारखं जावंसं वाटतं आणि गेलं की चार थेंब. सासूबाई म्हणतात उन्हाळी लागली, धणे-जिऱ्याचं पाणी पी. आधी दोन्ही वेळा कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने नॉरफ्लॉक्स दिली, दोन दिवसांत बरं वाटलं, मग मी बंद केली. या वेळी मात्र मागच्या आठवड्यात हुडहुडी भरून १०३ ताप आला, उजवीकडे पाठीत दुखत होतं, उलटीपण झाली. घरात उरलेल्या गोळ्या होत्या त्या घेतल्या, मिस्टरांची कंबरदुखीची गोळी घेतली, ताप उतरला. आता जळजळ कमी आहे पण संध्याकाळी अंग कसकसतं आणि पाठ जड वाटते. स्टोन असेल का? किडनी खराब झाली असेल का? अक्षय्य तृतीयेला दिराचं लग्न आहे, घरात करणारी मी एकटीच, लग्नानंतर दाखवलं तर चालेल का? आणि जवळचे डॉक्टर जेन्ट्स आहेत, त्यांच्यासमोर हे सगळं बोलायची लाज वाटते. अजून एक, सासूबाई ७२ वर्षांच्या, शुगर आहे, दोन-तीन दिवस झाले नुसत्या झोपून असतात, काहीतरी असंबद्ध बोलतात, कपड्यातच लघवी होते. मिस्टर म्हणतात वय झालं."

अगं, तुझं पत्र वाचल्या वाचल्या दोन ओळी पाठवल्याच होत्या, लग्नाची वाट बघू नकोस, आजच्या आज दाखव आणि सासूबाईंना आधी दाखव. आता नीट बसून लिहिते, कारण अशी पत्रं उन्हाळा लागला की येतातच आणि बहुतेकजणी एकाच ठिकाणी अडकतात. जळजळ आणि थंडी-ताप हे एकच दुखणं धरून चालतात, पहिलं जसं पाणी पिऊन किंवा दोन गोळ्या घेऊन गेलं तसं दुसरंही जाईल असं वाटतं. नाही जात.

खरी उन्हाळी म्हणजे काय तर इंदूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडतं, लघवी गडद पिवळी होते, जाताना थोडी आग होते, आणि दिवसभर नीट पाणी, ताक, लिंबूपाणी घेतलं की संध्याकाळपर्यंत लघवीचा रंग उतरतो आणि आगही जाते. एवढंच असेल तर सासूबाईंचं धणे-जिऱ्याचं पाणी अगदी बरोबर आहे, त्यांना नावं ठेवू नकोस. पण भरपूर पाणी पिऊनही दुसऱ्या दिवशी जळजळ तशीच आहे, पंधरा-पंधरा मिनिटांनी जावं लागतंय, आली की धरवत नाही, ओटीपोटात दुखतंय, लघवी गढूळ किंवा लालसर दिसतेय, तर ते मूत्राशयाचं इन्फेक्शन. आणि त्यात थंडी वाजून ताप, एका बाजूला पाठीत दुखणं, मळमळ-उलटी आली की इन्फेक्शन वर किडनीपर्यंत पोचलंय असंच धरायचं, जोवर डॉक्टर तपासून दुसरं काही सांगत नाहीत तोवर. तुझ्या पत्रात यातली तिन्ही आहेत गं.

हे वर कसं जातं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. लघवीच्या इन्फेक्शनचे बहुतेक जंतू आपल्याच आतड्यातले असतात, सगळ्यात जास्त ई-कोलाय. शौचाच्या जागेपासून ते मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतात आणि बायकांचा मूत्रमार्ग असतो जेमतेम ४ सेंटीमीटर, पुरुषांचा साधारण २०, म्हणून बायकांना हे इतकं जास्त होतं, निम्म्याहून जास्त बायकांना आयुष्यात एकदा तरी होतंच. यात अस्वच्छ असण्याचा, चारित्र्याचा वगैरे काही संबंध नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण सासरी हे बोलायला लागलं की लगेच नजरा बदलतात हे मला माहितीये. आत शिरलेले जंतू लघवीबरोबर धुतले जातात. लघवी तासन् तास धरून ठेवली, पाणीच प्यायलं नाही, किंवा कुठे स्टोनने अडथळा आला तर त्यांना वाढायला वेळ मिळतो, मग ते मूत्राशयाच्या अस्तरात बसतात आणि तिथून मूत्रवाहिनीने वर चढतात.

आता तू विचारलंयस की स्टोन असेल का. दुखणं नेमकं कुठे आणि कसं आहे ते आधी बघ. किडनीचं दुखणं शेवटच्या बरगडीच्या खाली, मणक्याच्या बाजूला असतं, तिथे मुठीने हलकं ठोकलं तरी कळ येते, ते जड, एकसारखं असतं आणि सोबत ताप असतो. स्नायूचं दुखणं बहुतेक खाली कमरेत, वाकलं-उठलं की वाढतं, कूस बदलली की कमी होतं, ताप नसतो. स्टोनची कळ लाटांसारखी येते, पाठीतून पुढे जांघेकडे उतरते आणि माणूस एका जागी पडून राहूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो. हे घरच्या अंदाजापुरतं, कारण कधी कधी दोन्ही एकत्र असतात, आणि ते सगळ्यात वाईट, स्टोन मूत्रवाहिनीत अडकलाय, वर पू साचतोय आणि ताप चढतोय. अशा वेळी नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, यूरोलॉजिस्टला, म्हणजे मूत्रमार्गाच्या सर्जनला, आत स्टेंट म्हणजे बारीक नळी टाकून किंवा पाठीतून नळी घालून तो मार्ग मोकळा करावा लागतो, आणि तेही तासांच्या हिशोबाने, दिवसांच्या नाही. म्हणून तुझी सोनोग्राफी व्हायलाच पाहिजे.

मग ताप उतरला कसा? एक म्हणजे मिस्टरांची कंबरदुखीची गोळी. त्यात डायक्लोफेनॅक नाहीतर असंच काहीतरी असणार, ती तापही उतरवते आणि दुखणंही झाकते, जंतू मात्र जिथल्या तिथे. वर उलट्या, कमी पाणी आणि किडनीला आधीच सूज असताना अशा पेनकिलरने किडनीला खरंच इजा होऊ शकते, म्हणून यापुढे अशा तापात फक्त पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरकडे पोचेपर्यंतच. दुसरं म्हणजे त्या उरलेल्या गोळ्या. त्यांनी काही जंतू मेले, जे जरा तगडे होते ते उरले, म्हणून आता संध्याकाळी अंग कसकसतंय. आणि नॉरफ्लॉक्सबद्दल तर मला फार काळजीने सांगायचंय. नॉरफ्लॉक्स, सिप्रो, ऑफ्लॉक्स ही सगळी एकाच कुटुंबातली औषधं, आपल्याकडे वर्षानुवर्षं जुलाबाला, तापाला, कशालाही खाल्ली गेली आणि आता आपल्या देशातल्या ई-कोलायपैकी बऱ्याच मोठ्या भागावर ती चालतच नाहीत. आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, देशभरातल्या मोठ्या हॉस्पिटलांमधून जे आकडे गोळा करते त्यात हे वर्षानुवर्षं दिसतंय. मेडिकलवाला वाईट नसतो, तो शेजारधर्माने देतो, पण तुझ्या लघवीत कुठला जंतू आहे हे त्याला कुठून कळणार? स्ट्रिपवर लाल उभी रेघ दिसली की ती गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. सेफिक्झिमसारखी काही अँटिबायोटिक्स तर २०१४ पासून एच-१ यादीत आहेत, दुकानदाराने चिठ्ठी बघून रजिस्टरमध्ये नोंद करायची असते, तरी सर्रास मिळतात.

टेस्टचं जरा सविस्तर सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. दोन वेगळ्या टेस्ट असतात. युरिन रूटीन, जी तासा-दोन तासांत येते, त्यात पस सेल्स म्हणजे पूच्या पेशी, रक्त, नायट्राइट वगैरे कळतं, म्हणजे सूज आहे का एवढं कळतं. आणि युरिन कल्चर, ज्याला साधारण दोन दिवस लागतात, कधी तीन, त्यात जंतू कुठला आणि त्याच्यावर कुठलं औषध चालेल ते कळतं. पहिल्यांदाच साधी जळजळ झाली असेल, बाई तरुण, बाकी काही आजार नाही, तर डॉक्टर कल्चरशिवायही औषध देतात आणि ते ठीक आहे. पण तुझ्यासारखं पुन्हा पुन्हा होतंय, किंवा ताप आहे, शुगर आहे, प्रेग्नन्सी आहे, पेशंट पुरुष किंवा लहान मूल आहे, तर कल्चर हवंच, आणि सॅम्पल अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यायचं. हे एक वाक्य लक्षात ठेव गं, बाकी विसरलीस तरी चालेल. आधी गोळी घेतली की कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि मग डॉक्टर आंधळेपणाने औषध देत बसतात. तू तर आधीच घेतलीयेस, तर डॉक्टरांना नाव-डोस-तारीख सगळं सांग, लपवू नकोस, रिकामी स्ट्रिप असेल तर तीच घेऊन जा. ताप जास्त असेल तर ते रक्ताचंही कल्चर करतील.

सॅम्पल कसं द्यायचं हे लॅबवाले घाईत सांगत नाहीत. हात धुवायचे, ती जागा साध्या पाण्याने धुवायची, डेटॉल-सॅव्हलॉन अजिबात नाही, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्यायची, डबीच्या आत बोट लागू द्यायचं नाही, शेवटची पुन्हा सोडून द्यायची. घरच्या धुतलेल्या बाटलीत न्यायचं नाही, जॅमची रिकामी बरणी घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्यात. डबी शक्यतो तासाभरात लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची, स्कूटरच्या डिकीत उन्हात दोन तास फिरवली तर त्यात जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो. रिपोर्टवर एपिथेलियल सेल्स, म्हणजे त्वचेच्या-अस्तराच्या पेशी, भरपूर लिहिलं असेल किंवा तीन-चार जातींचे जंतू मिक्स आले असतील तर बहुतेक सॅम्पल नीट घेतलं गेलं नाही, पुन्हा द्यावं लागतं. आणि पस सेल्स दर वेळी भरपूर, कल्चरमध्ये मात्र दर वेळी काहीच नाही असं झालं तर डॉक्टरांना टीबीबद्दल स्पष्ट विचार. मूत्रमार्गाचा टीबी आपल्याकडे आहे, साध्या कल्चरमध्ये तो उगवत नाही, त्याची टेस्ट वेगळी करावी लागते. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी एमवाय हॉस्पिटलमध्ये जा, मोठी रांग असते पण काम होतं.

औषधांचं म्हणशील तर मूत्राशयापुरतं इन्फेक्शन असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनची एकच पुडी, ही दोन्ही आजही बऱ्यापैकी चालतात. पण एक फार महत्त्वाचं, ही दोन्ही औषधं लघवीत उतरतात, किडनीच्या मांसात पुरेशी पोचत नाहीत, म्हणून ताप आणि पाठदुखी असेल तर ती उपयोगाची नाहीत. शेजारणीला पुडीने एका दिवसात बरं वाटलं म्हणून तूही घेशील, दोन दिवस जळजळ थांबेल आणि वर किडनीत चालूच राहील. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर घ्यायची, नाहीतर मळमळतं, लघवी गडद पिवळी-तपकिरी होते त्याला घाबरायचं नाही. किडनी आधीच कमी काम करत असेल तर ती देत नाहीत. आणि ते गुलाबी-पिवळं सिरप, ज्याने जळजळ थांबते म्हणून घरोघरी बाटली असते, त्याने लघवीची आम्लता कमी होते, आराम वाटतो, जंतू मरत नाहीत. उलट नायट्रोफ्युरँटॉइनला लघवी थोडी आम्ल असलेलीच लागते, तेव्हा दोन्ही एकदम चिठ्ठीवर असतील तर डॉक्टरांना विचार, की यातलं सिरप खरंच घ्यायचं का.

किडनीच्या इन्फेक्शनला कोर्स मोठा, औषधाप्रमाणे ७ ते १४ दिवस, सुरुवातीला बहुतेकदा इंजेक्शन. उलटी होत नसेल, बीपी चांगलं असेल तर काही जणींना रोज जाऊन इंजेक्शन घेऊन घरी येता येतं, पण पोटात काही टिकत नसेल, बीपी उतरलं असेल, शुगर असेल, दिवस असतील तर ॲडमिट व्हावंच लागतं, तिथे "घरी कोण बघेल" हा प्रश्न काढू नकोस. रिपोर्टमध्ये औषधांच्या नावापुढे एस असेल तर ते चालतं, आर असेल तर चालत नाही, आणि ईएसबीएल असं लिहून आलं तर घाबरू नकोस पण समजून घे की हा जंतू बऱ्याच नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देत नाही, बहुतेक शिरेतूनच औषध लागेल. औषध बरोबर असेल तर ४८ ते ७२ तासांत ताप खाली यायला लागतो. नाही आला तर डॉक्टरकडे परत, तेव्हा सोनोग्राफी नाहीतर सीटी करून आत पू साचलाय का, अडथळा आहे का बघतात. आणि बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी बंद, हे या वेळी नको गं, हात जोडून सांगते.

सासूबाईंबद्दल. वय झालं हे उत्तर नाही. दोन-तीन दिवसांपूर्वी बोलत होत्या, फिरत होत्या आणि आता झोपून आहेत, असंबद्ध बोलतायत, म्हणजे काहीतरी नवीन घडलंय, वय दोन दिवसांत होत नाही. सगळ्यात आधी बोटातून शुगर बघ, मशीन घरात असणारच, ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी आणि मग दवाखाना, गुंगीत असतील तर तोंडात काही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल. शुगर खूप वर असेल तरी थेट हॉस्पिटल. म्हाताऱ्या माणसांना इन्फेक्शनमध्ये कधी कधी ताप येतच नाही, जळजळ सांगता येत नाही, नुसतं खाणं सुटतं, भान हरपतं, तोल जाऊन पडतात, नाहीतर आधी कधी नव्हतं ते कपड्यात होतं. पण याच्या उलट चूकही होते तीही सांगते, लघवीत जंतू सापडले की सगळं खापर त्यावर फोडतात. वयस्कर बायकांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात आणि त्रास नसेल तर त्याला औषध लागत नाही, गरोदरपण किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन सोडलं तर. म्हणून डॉक्टर रक्तातलं सोडियम बघतील, छाती बघतील, लकव्याचं काही नाही ना बघतील, ते करू दे, "आम्हाला फक्त युरिन करायचीये" असा आग्रह धरू नका.

शुगरच्या पेशंटची गोष्ट वेगळी का, तर त्यांच्यात इन्फेक्शन पटकन वर जातं आणि पटकन बिघडतं, किडनीत गॅस तयार करणारा एक भयंकर प्रकार आहे तो बहुतेक करून शुगर वाढलेल्यांनाच होतो. सासूबाईंच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं आहेत का बघ. ही चांगली औषधं आहेत, हृदयाला आणि किडनीलाही फायदा करतात, पण ती जास्तीची साखर लघवीतून बाहेर टाकतात, त्यामुळे त्या जागी बुरशीची खाज होऊ शकते, आणि उलट्या, उपास, मोठं आजारपण असेल तेव्हा ती काही दिवस थांबवावी लागतात. ते डॉक्टर ठरवतील, पण ती चालू आहेत हे त्यांना तू सांगायला हवं, चिठ्ठी घेऊन जा. आणि या वयात मासिक पाळी कधीच गेलेली असते, तिथली त्वचा कोरडी-पातळ होते, त्यामुळे सारखं इन्फेक्शन होणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना योनीमार्गात लावायची इस्ट्रोजेनची क्रीम खूप उपयोगी पडते. लेडी डॉक्टरला विचारा, सांगायला कुणी जात नाही म्हणून कितीतरी आज्या उगाच वर्षभर अँटिबायोटिक खात बसतात.

तुझ्या किडनीचं. एका इन्फेक्शनने, वेळेवर पूर्ण औषध घेतलं तर, किडनी खराब होत नाही, ही भीती मनातून काढ. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम बघायची रक्ताची टेस्ट, करून घे, कळेल. पुन्हा पुन्हा वर चढलं, अर्धवट औषधं झाली, किंवा अडथळा तसाच राहिला तर किडनीवर व्रण राहतात, म्हणून तर इतकं लिहितेय.

पुढे होऊ नये म्हणून काय. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की त्याला डॉक्टरी भाषेत वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात, तू त्यात बसतेस. पाण्याचं मी नुसतं आजीबाई म्हणून सांगत नाही. २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असा वारंवार त्रास होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० बायका होत्या, त्यातल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं, वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना ३.२ वेळा. एवढा फरक नुसत्या पाण्याने. पण लक्षात घे, हे होऊ नये म्हणून आहे, ताप आल्यावर पाणी पिऊन किडनीचं इन्फेक्शन जात नाही, मिस्टरांना हे वाचून दाखव. नारळपाणी, जवाचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी, सगळं चालेल, साखर घालू नका. किडनी आधीच कमजोर असेल किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी पाणी किती ते डॉक्टरांना विचारून, नारळपाणीसुद्धा, त्यात पोटॅशियम असतं. क्रॅनबेरीने वारंवार होणाऱ्या बायकांमध्ये थोडा फायदा दिसलाय, होऊन बसलेलं मात्र तिने बरं होत नाही, आणि महाग आहे, मी मागे लागणार नाही.

आता शाळा. तू लिहिलं नाहीस पण मला खात्री आहे, सकाळी सातला निघतेस आणि दुपारी दोनला घरी येऊनच जातेस. शाळेचं बाथरूम घाण, नाहीतर वर्गात मुलं सोडून जाता येत नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. शिक्षिका, सेल्सगर्ल, कोचिंगच्या मुली, ट्रॅफिक पोलिसातल्या बायका, सगळ्यांचं हेच. शीतलामाता बाजारात लग्नाच्या साड्या बघायला गेलेल्या बायका पाच-पाच तास धरून ठेवतात. आपलं शहर २०१७ पासून सलग काही वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं, पब्लिक टॉयलेट्स इतर शहरांपेक्षा बरी आहेत, वापरा, आणि नाक मुरडत सीटवर अधांतरी बसण्यापेक्षा सीट पुसून नीट बसा, अधांतरी बसलं की लघवी पूर्ण होत नाही, आत उरते. सीटवरून लघवीचं इन्फेक्शन होतं ही भीती बहुतेक उगाचच आहे, धरून ठेवण्याने मात्र होतं. शाळेत तुम्ही चार-पाच जणी मिळून प्रिन्सिपलना लेखी द्या, की दर दोन तासांनंतर पाच मिनिटं आणि बाथरूमला कडी-पाणी हवं, एकटीने मागितलं तर कुरकुर वाटते, मिळून मागितलं तर देतात. मुलींच्या बाथरूमचंही त्याच अर्जात घाला, त्यासुद्धा धरून ठेवतात.

बाकीचं पटकन. शौचानंतर धुताना पुढून मागे. बद्धकोष्ठ असेल तर ते आधी बरं करा, मुलींमध्ये तर खासच. संबंधानंतर लघवीला जाऊन यावं, नुकसान काही नाही आणि बऱ्याच जणींना उपयोग होतो. सुगंधी इंटिमेट वॉश, आतून धुणं, पावडर, काही नको. अँटिबायोटिकनंतर खाज सुटून दह्यासारखं पांढरं जायला लागलं तर ती बुरशी, त्यावर अजून अँटिबायोटिक घेऊ नका. गरोदर असाल तर सुरुवातीच्या महिन्यांतच एकदा युरिन कल्चर करून घ्या, त्रास नसला तरी, आणि जंतू निघाले तर औषध घ्यायचं, कारण तेव्हा ते पटकन किडनीत चढतात आणि बाळ लवकर होण्याचा धोका असतो. लहान बाळाला सर्दी-खोकला काही नसताना ताप आहे, नुसतं चिडचिडं झालंय, तर लघवी तपासा. पुरुषांना झालं तर ते साधं धरायचं नाही, प्रोस्टेट आणि स्टोन बघायचेच.

जेन्ट्स डॉक्टरांची लाज. अगं, ते दिवसातून कितीतरी वेळा हेच ऐकतात. आत गेल्यावर गोल गोल न बोलता एवढंच म्हण, "लघवीला जळजळ, दिवाळीपासून तिसऱ्यांदा, मागच्या आठवड्यात थंडी वाजून १०३ ताप, उजवीकडे पाठीत दुखतंय, या गोळ्या घेतल्या होत्या." तोंडातून निघत नसेल तर कागदावर लिहून त्यांच्या हातात दे. तपासताना ते पोट आणि पाठ बघतील, त्यापलीकडे बहुतेक काही लागत नाही, आणि लागलंच तर सिस्टरला सोबत थांबवायला सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे. लेडी डॉक्टरच हवी असेल तरी चालेल, पण तिची अपॉइंटमेंट चार दिवसांनी आहे म्हणून थांबायचं नाही. त्याआधी पुन्हा थंडी भरून आली, चक्कर येतेय, श्वास जोरात चाललाय, लघवी खूपच कमी झाली, हातपाय गार पडले, यातलं काहीही झालं तर ओपीडी नाही, सरळ इमर्जन्सीत, रात्र असली तरी.

आणि लग्न. कोर्स आज सुरू झाला तर अक्षय्य तृतीयेपर्यंत ताप बहुतेक गेलेला असेल आणि तू उभी राहू शकशील, आता पुढे ढकललं तर ऐन मांडवात हुडहुडी भरेल. रुखवत, पाहुण्यांच्या खोल्या, हलवाई, हे मिस्टरांकडे आणि नवरदेवाकडे दे, ज्याचं लग्न आहे तो पण हात लावू शकतो. गोळ्यांच्या वेळा मोबाईलमध्ये लाव, कार्यालयात गेल्या गेल्या बाथरूम कुठे आहे ते बघून ठेव, पाण्याची बाटली स्वतःची. कल्चरचा रिपोर्ट आला की नाव बोटाने झाकून फोटो काढ आणि मला पाठव, सासूबाईंचाही, आणि कोर्स संपल्यावरही ताप किंवा पाठदुखी उरली तर कळव, मग यूरोलॉजिस्टला काय काय विचारायचं ते लिहून पाठवते.